सील बदललं, कारण राहिलं

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पुरंदर, जुन्नर, आंबेगावकडून माल घेऊन येणाऱ्या टेम्पोंखाली वाकून पाहिलं, तर मागच्या चाकांच्या मधोमध एक फुगीर लोखंडी गोळा दिसतो. हा डिफरन्शियल. पुढून आलेला प्रोपेलर शाफ्ट जिथे त्याला जोडलेला असतो, ते त्याचं तोंड पुष्कळ जुन्या गाड्यांत काळ्या, चिकट थराने माखलेलं असतं. तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते, पुन्हा तेल येतं, पुन्हा धूळ बसते. गाडीवाला म्हणतो, थोडं ऑइल टाकते. गॅरेजवाला म्हणतो, सील गेलंय. दोघांनीही जे पाहिलं ते बरोबरच आहे. गडबड त्यापुढे होते. काही शे रुपयांचं नवं सील येतं, दुपारपर्यंत बसतं, बिल चुकतं होतं, आणि अनेकदा पावसाळा सरायच्या आत तोच थर त्याच जागी पुन्हा धरतो. मग दोष नव्या सीलला जातो, नाहीतर दुकानदाराला, नाहीतर मिस्त्रीच्या हाताला. माझं म्हणणं असं आहे की सील ही गळतीची जागा असते. गळतीचं कारण बहुधा दुसरीकडे असतं. ते शोधायला वेळ लागतो, मोजमाप लागतं, आणि आपल्या दुरुस्तीच्या व्यवहारात त्या वेळेला दरच नाही. सुट्या भागाला किंमत आहे, हातोडा-पान्याच्या मजुरीला किंमत आहे, निदानाला नाही. एवढ्याशा रबरी कड्याच्या निमित्ताने हा प्रश्न पुरता उलगडून पाहता येतो.

तो पुण्यात उलगडावा याला कारण आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, अखंड ॲक्सलच्या कष्टकरी गाड्या ज्या शहराने देशाला दिल्या त्यात पुणे अग्रभागी आहे. बजाज टेम्पो कंपनी १९५८ सालची. आकुर्डीच्या तिच्या कारखान्यातून ट्रॅक्स बाहेर पडल्या, आणि २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. टेल्कोने साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडमध्ये पाय रोवले. १९८६ मध्ये तिची मालवाहू ४०७ आली. १९९४ मध्ये सुमो आली; पुण्याचा कारखाना ज्यांनी उभा केला त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं तिने घेतली. २००५ मध्ये छोटी एस आली. वाहनांची तपासणी आणि प्रमाणीकरण करणारी एआरएआय १९६६ पासून वेताळ टेकडीच्या अंगावर आहे, आणि राज्यांच्या परिवहन महामंडळांसाठी संशोधन-प्रशिक्षण करणारी सीआयआरटी १९६७ पासून भोसरीत. म्हणजे गाडीची रचना, तिची चाचणी आणि तिचं उत्पादन, तिन्ही गोष्टींचं ज्ञान या शहराच्या परिसरात आहे. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण रस्त्यावरच्या सुमो थांबल्या नाहीत. ४०७ तर गावोगावच्या मालवाहतुकीचा कणाच आहे. वॉरंटी कधीच संपलेल्या या गाड्यांचे भाग नाना पेठेतल्या दुकानांतून येतात आणि काम रस्त्याकडेच्या गॅरेजात होतं. ज्ञान आणि दुरुस्ती एकाच शहरात नांदत असूनही त्यांची गाठ पडत नाही, हे मला खटकतं.

आता त्या कड्याकडे नीट पाहू, पण आधी ते ज्यावर बसतं त्या डिफरन्शियलकडे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देत ताकद पोचवणारी गिअरांची ही जुळणी फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकात पेटंट केली, तीही वाफेच्या गाडीसाठी. पुढे प्रोपेलर शाफ्टने फिरणाऱ्या पिनियनचे आणि पिनियनने फिरवलेल्या क्राऊनचे दात एकमेकांवर घसरत फिरतील अशी हायपॉइड रचना आली आणि त्या घसरणीत टिकाव धरणारं, गंधकाची संयुगं मिसळलेलं जाड गिअर ऑइल आलं. हे तेल आत ठेवायचं आणि त्याच वेळी त्या डब्यातून बाहेर येणारा दांडा फिरत ठेवायचा, हा पेच सीलने सोडवला. बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना ते गळून जाणार हे धरूनच चालायचं. मोटारीत ते चालत नाही. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडं कमावणारी कंपनी. १९२९ च्या मंदीच्या सुमाराला तिने मोटारींसाठी चामड्याची सीलं करायला घेतली, वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावाने १९३२ मध्ये त्यांचं सिमररिंग बाजारात आलं, आणि १९३६ पासून चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आज जे सील काउंटरवर मिळतं त्याची ठेवण मूलतः तीच आहे: बाहेर पत्र्याची कडी, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीवर केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग.

हा ओठ दांड्याला बूच लावल्यासारखा आवळून बसतो असा समज आहे, आणि बऱ्याच चुकांची सुरुवात तिथे होते. ओठ आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा थर असावाच लागतो. नसेल तर रबर काही तासांत करपेल. मग ते तेल बाहेर का येत नाही? ओठाची तेलाकडची उतरण उभी असते आणि हवेकडची तिरपी असते. दांडा फिरू लागला की या असमान उतरणीमुळे ओठाच्या कडेवरचं तेल सतत आतल्या बाजूला ढकललं जातं. चांगलं सील तेल नुसतं अडवत नाही, ते परत पाठवत राहतं. त्यासाठी दांड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, पण आरशासारखा नको. आणि त्यावर घासल्याच्या रेषा असल्याच तर त्या परिघाच्या दिशेने असाव्यात, तिरप्या असू नयेत. दांड्यावर बसवलेला, सीलचा ओठ ज्यावर टेकतो तो फ्लँज गंजला म्हणून साफ करताना त्यावर पॉलिश पेपर तिरपा फिरवला, तर त्या बारीक तिरप्या रेषा स्क्रूच्या आट्यांसारखं काम करतात आणि तेल नेमाने बाहेर ओढतात. नवं सील, नवं तेल, चकचकीत फ्लँज, आणि तरी गळती! सीलवर खापर फोडायला कुणालाही वाटेल, पण दोष पाच मिनिटांच्या त्या सफाईत आहे.

फ्लँजवर पडणाऱ्या चरीची गोष्टही अशीच. साधा हिशोब मांडून पाहू. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर एका किलोमीटरला चाक सुमारे ४५५ वेळा फिरतं. क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर चारास एक धरलं तर पिनियन १८२० वेळा. सील जिथे टेकतं तिथे फ्लँजचा व्यास ४० मिलिमीटर धरला, तर दर किलोमीटरला ओठाखालून सुमारे २२९ मीटर लोखंड सरकतं. गाडी एक लाख किलोमीटर धावली की हे अंतर २३ हजार किलोमीटरच्या घरात जातं. ओठात अडकलेली धूळ आणि आतल्या तेलातला लोखंडी चुरा एवढ्या अंतरावर घासला गेला की पोलादावरही चर पडते. तिच्यावरून नख फिरवलं आणि ते अडलं, तर तिथे कुठल्याही कंपनीचं, कितीही महागडं सील टिकणार नाही. उपाय तीन आहेत आणि तिन्ही ठाऊक असलेले आहेत: फ्लँज बदलणं, त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवणं, किंवा सीलच्या घरात जागा असेल तर सील थोडं आत-बाहेर बसवून ओठ चरीवरून हलवणं. पण त्याआधी फ्लँज काढून, पुसून, उजेडात धरून त्यावर नख फिरवायला हवं. त्या दोन मिनिटांची नोंद कुठल्याच बिलात नसते.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा जायचं छिद्र, ब्रीदर. ॲक्सलच्या वरच्या अंगाला एक लहानशी टोपी किंवा नळी असते. डिफरन्शियल चालून चालून तापतो, आतली हवा फुगते आणि या वाटेने बाहेर जाते. वाट बंद असेल तर? ३० अंशांची हवा ९० अंशांवर गेली की बंद जागेतला तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. साधं सील मुळात दाब पेलण्यासाठी बनवलेलंच नसतं. वाढलेला दाब ओठाला दांड्यावर जास्त आवळून धरतो, ओठ तापतो, झिजतो, आणि मग तेलाला वाट मिळते. भोर, वेल्हे, मुळशीच्या बाजूला पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीचा ब्रीदर चिखलाने बुजायला वेळ लागत नाही. उलटा प्रकारही होतो. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून, झिजलेल्या सीलच्या ओठाखालूनसुद्धा, पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, बेअरिंगवर गंज चढतो. बुजलेला ब्रीदर उघडायला तार आणि थोडं डिझेल पुरतं. तो बंद ठेवून सील बदलणं म्हणजे पुढच्या गळतीची तारीख ठरवून घेणं.

पण या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटतो तो पिनियनचा नट. सील काढायचं तर फ्लँज काढावा लागतो, आणि फ्लँज काढायचा तर त्याच्या मधोमध असलेला मोठा नट सोडवावा लागतो. हा नट नुसता फ्लँज धरून ठेवत नाही. पिनियनच्या दोन निमुळत्या बेअरिंगांवर नेमका किती ताण राहावा हे तो ठरवतो. अनेक हलक्या गाड्यांत त्या दोन बेअरिंगांच्या मध्ये दबणारा स्पेसर असतो. तो कारखान्यात एकदा, ठरावीक मापापर्यंत चेपला जातो, आणि जास्त चेपला गेला तर मागे येत नाही. नट आवळायला बऱ्याच गाड्यांत दोनशे न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. पण ज्यावरून ताण बरोबर आहे की नाही हे कळतं, तो पिनियन हाताने फिरवण्याचा जोर जेमतेम दोन-तीन न्यूटन-मीटर असतो. म्हणून नियम असा की नट सोडण्याआधी फ्लँज, नट आणि पिनियन यांवर एका रेषेत खूण करायची, फिरवण्याचा जोर मोजून लिहून ठेवायचा, आणि परत बसवताना त्याच मापावर यायचं. पुष्कळ कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिका नवा नट, आणि स्पेसरच्या रचनेत नवा स्पेसरही घालायला सांगतात. लांब पाइप लावून, अंगाचं बळ देऊन नट ‘फुल टाइट’ केला तर बेअरिंग घट्ट होतं, तापतं आणि काही हजार किलोमीटरांत आवाज करू लागतं. सैल राहिला तर पिनियन मागेपुढे हलतो, दात चुकीच्या जागी भिडतात, आणि हलणाऱ्या दांड्याच्या मागे सीलचा ओठ किती धावणार? तेल पुन्हा येतं. सीलचं काम म्हणून जे हातात घेतलं जातं ते प्रत्यक्षात बेअरिंगचं काम असतं, आणि ते सीलच्या मजुरीत करून घेतलं जातं.

याच न्यायाने, नट सोडण्याआधी फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहिला पाहिजे. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, तर सील हा प्रश्नच नाही. बेअरिंग हा प्रश्न आहे. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांमधले क्रॉस तपासले पाहिजेत, कारण झिजलेल्या क्रॉसची थरथर थेट याच ओठावर येऊन आदळते. तेलाची पातळी पाहिली पाहिजे. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल हवं, आणि जास्त भरलेलं तेलही बाहेरचा रस्ता धरतं. मुळात गळती इथूनच आहे का, हेही ठरवावं लागतं. चालत्या गाडीखालचा वारा इंजिनचं किंवा गिअरबॉक्सच्या शेपटीचं तेल मागे उडवतो आणि ते डिफरन्शियलवर जाऊन बसतं. यावरचा जुना इलाज आजही चोख आहे: सगळा थर डिझेलने धुऊन, कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी फुंकायची, गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळवायची आणि पुन्हा पाहायचं. पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ जिथून निघते ती जागा खरी. गिअर ऑइलचा गंधकी वास एकदा नाकात बसला की इंजिन ऑइलशी त्याची गल्लत होत नाही.

यावर पहिला आक्षेप गाडीवाल्याचा असतो: थोडं तेल जातंय तर जाऊ दे, महिन्याला थोडं घालू. थोडं म्हणजे किती, हे मोजून पाहिलं तर हा आक्षेप उभा राहत नाही. एका थेंबाचं आकारमान ०.०५ मिलिलिटर धरा आणि मिनिटाला एकच थेंब पडतो असं समजा. आठ तासांत ४८० थेंब, म्हणजे २४ मिलिलिटर. महिन्यात पंचवीस दिवस गाडी चालली तर ६०० मिलिलिटर. ज्या ॲक्सलमध्ये दीड-दोन लिटर तेल असतं, त्याचा तिसरा हिस्सा महिन्यात रस्त्यावर. आणि डिफरन्शियलवर इंजिनसारखा दिवा नसतो. तेल संपल्याचं तो ड्रायव्हरला आवाजाने सांगतो, आणि आवाज येतो तेव्हा क्राऊन-पिनियनचे दात गेलेले असतात. काही शे रुपयांचं काम तेव्हा पूर्ण जोडीवर जातं. शिवाय रस्त्यावर पडलेलं तेल फक्त मालकाचं नुकसान करून थांबत नाही. पुणे हे दुचाकींचं शहर आहे. वळवाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेलं तेल पाण्यावर तरंगतं, दुचाकी घसरतात, आणि तेल मोठ्या प्रमाणात सांडलं असेल तर अग्निशमन दलाला येऊन माती टाकावी लागते. टेम्पोवाल्याचं ‘थोडं’ तेल मागून येणाऱ्या स्कूटरवालीच्या चाकाखाली जातं.

गळती पिनियनऐवजी चाकाकडच्या सीलमधून असेल तर ‘चालू दे’ हा शब्दच तोंडातून निघू नये. तिथलं तेल जमिनीवर दिसायच्या आधी ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनरमध्ये मुरतं. तेल प्यालेला लायनर घासून, जाळून, पेट्रोलने धुऊन पूर्ववत होत नाही. तो बदलावाच लागतो, आणि एका बाजूचा नव्हे, दोन्ही बाजूंचा. एका चाकाचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्याचा घसरतो, तेव्हा गाडी सरळ थांबत नाही, एका अंगाला ओढते. नव्या कात्रज बोगद्यातून नऱ्हे आणि नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना अपघातांच्या बातम्यांमुळे पाठ झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती. त्या अपघाताचं कारण सील होतं असं मी मुळीच म्हणत नाही. उताराची रचना, वेग, न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय, कितीतरी गोष्टी त्या रस्त्यावर एकत्र येतात. म्हणणं एवढंच की अशा उतारावर चारही चाकांचे ब्रेक सारखे लागणं ही एकच गोष्ट ड्रायव्हरच्या बाजूने असते, आणि चाकाचं गळकं सील नेमकी तीच काढून घेते. व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांसाठी आणि नंतर दरवर्षी घ्यावं लागतं. पुण्याच्या गाड्यांसाठी दिवे इथे ब्रेक तपासणीचा पथही आहे. पण तपासणीच्या दिवशी ब्रेक लागले याचा अर्थ वर्षभर ड्रम कोरडा राहील असा होत नाही. मधल्या तीनशे चौसष्ट दिवसांची जबाबदारी गॅरेजवर असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो: सील स्वस्त आहे, आधी तेच बदलून पाहू, नाही थांबलं तर पुढचं बघू. भाग बाहेरूनच निखळणारा असता तर हे चाललं असतं. इथे दर खेपेला प्रोपेलर शाफ्ट उतरवावा लागतो, नट सुटतो, स्पेसरचा ताण ढळतो, तेल जातं आणि गाडीचा एक दिवस बुडतो. दोनदा केलेलं स्वस्त काम एकदा केलेल्या नीट कामापेक्षा महाग पडतं, आणि दर वेळी सुटलेला नट पिनियनला नव्या धोक्यात घालतो. हेही मान्य केलं पाहिजे की काही वेळा दोष खरोखर सीलचाच असतो. दहा-पंधरा वर्षांत रबर कडक होतं, गाडी बरेच महिने उभी राहिली तर ओठ दांड्याला चिकटून फाटतो, पत्र्याच्या तापलेल्या दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं सील बसवण्याआधीच म्हातारं झालेलं असतं. साधं नायट्राइल रबर शंभर अंशांच्या आसपास थकतं. जिथे उष्णता जास्त तिथे त्याहून वरच्या दर्जाचं रबर लागतं. पण सीलच दोषी आहे हेसुद्धा बाकीचं तपासल्यावरच म्हणता येतं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला उडवून लावणं मला पटत नाही. हप्त्यावर घेतलेल्या टेम्पोचा मालक रोजच्या भाड्यावर जगतो. त्याला आज संध्याकाळी गाडी हवी असते. ‘दोन तास नुसतं तपासण्याचे’ असे पैसे तो देणार नाही, शेजारचं गॅरेज ते मागणार नाही, आणि मागणारा मिस्त्री गिऱ्हाईक गमावेल. हे खरं आहे. म्हणूनच हा दोष एका मिस्त्रीच्या माथी मारता येत नाही. ज्याला फक्त भाग बदलल्याचे पैसे मिळतात तो भागच बदलणार. मात्र यातून बाहेर यायची वाट नाही असं नाही. तपासणीचा दर आधी सांगायचा, तो बिलावर वेगळा लिहायचा, आणि त्याच गॅरेजात काम केलं तर मजुरीतून वजा करायचा, ही पद्धत विजेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्यांनी केव्हाच रूढ केली आहे. घरी येऊन धुलाईयंत्र पाहणाऱ्याला आपण ‘व्हिजिट’चे पैसे देतो, ब्रेकशी संबंधित गळती पाहणाऱ्याला मात्र देत नाही. बिलावर चार ओळी असल्या तरी पुरे: ब्रीदर उघडा होता की बंद, पिनियनला प्ले होता की नाही, फ्लँजवर चर होती का, नट सोडण्याआधीचं आणि नंतरचं माप किती. या ओळी असल्या की पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजातला मिस्त्रीही पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

अनुभवी मिस्त्रीला मापाची गरज नाही, त्याच्या हाताला कळतं, असंही म्हटलं जातं. अनुभवाचा हात काय करू शकतो याबद्दल मला आदरच आहे. बेअरिंगचा आवाज ऐकून कुठलं गेलंय हे सांगणारी माणसं या शहरात आहेत. पण दोन न्यूटन-मीटर आणि चार न्यूटन-मीटर यांतला फरक दिवसभर हातोडा चालवलेल्या हाताला संध्याकाळी कळेल याची खात्री त्या हाताच्या धन्यालाही देता येणार नाही. आणि हात शागिर्दाला देता येत नाही. माप देता येतं. पुण्याहून अहमदनगरला १ जून १९४८ रोजी पहिली बस सोडणाऱ्या एसटीने इतकी वर्षं गाड्या चालवल्या त्या किलोमीटरांच्या हिशोबाने आखलेल्या देखभालीवर. दापोडीची तिची मध्यवर्ती कार्यशाळा याच परिसरात आहे. ताफा मोठा असला की कारण नोंदवणं परवडतं असं नाही, ते न नोंदवणं परवडत नाही. औंधच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेणारी मुलं ॲक्सल उघडायला शिकतात. पण गॅरेजात आल्यावर त्यांना टॉर्क पाना भिंतीवरसुद्धा दिसत नाही, तेव्हा शिकलेलं विसरायला त्यांना फार दिवस लागत नाहीत. नाना पेठेत सील विकणाऱ्या काउंटरवरच स्लीव्ह, नवा नट आणि स्पेसर एका पुडक्यात मिळू लागले, तर कित्येक गॅरेजांचं काम नुसत्या त्या पुडक्यामुळे सुधारेल.

राहिला एक आक्षेप: विजेवरच्या गाड्या येत आहेत, हे सगळं इतिहासजमा होईल. पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या ताफ्यात २०१९ पासून विजेवरच्या बस आहेत, एसचीही विजेवर चालणारी आवृत्ती २०२२ मध्ये आली. इंजिन गेलं, पण वळण गेलेलं नाही. चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायची तर डिफरन्शियल लागतो, त्याला तेल लागतं, आणि तेल आत राहायला सील लागतं. उलट विजेच्या मोटारी मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरेही घेतात. मोटारीच्या दांड्यावरच्या ओठाखालून सरकणारं अंतर आपण वर मांडलेल्या हिशोबाहून बरंच जास्त होतं. तिथे तिरप्या रेषांची आणि चुकलेल्या ताणाची माफी आणखी कमी असेल.

नवं सील बसवताना ओठाला तेल किंवा ग्रीस लावायचं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची, कडी हातोड्याने एका अंगाला न ठोकता तिच्याच व्यासाच्या नळीने सर्व बाजूंनी सारखी आत न्यायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक दांड्याला लागू द्यायचं नाही, हे बहुतेक गॅरेजांना माहीत असतं. जे होत नाही ते त्यानंतरचं. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणायची आणि पिनियनच्या तोंडापाशी हात जपून नेऊन उष्णता पाहायची. जवळही नेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे, आणि ते त्याच दिवशी कळणं गाडीवाल्याच्या हिताचं आहे. मग हजारएक किलोमीटरांनी गाडी पुन्हा बोलवायची, तेलाचं भोक उघडून पातळी पाहायची आणि तो आकडा पहिल्या बिलाच्या पाठीवर लिहायचा. या दुसऱ्या फेरीचे पैसे पहिल्याच बिलात धरलेले असावेत, म्हणजे गाडीवाला परत येईल आणि मिस्त्रीलाही आपण केलेलं काम टिकलं की नाही ते पाहता येईल.